सासऱ्यांची सही

वकीलबाईंकडे घटस्फोटाची साधी प्रकरणं सहसा येत नसत. घर एकाच्या नावावर, धंदा दुसऱ्याच्या, कर्ज तिसऱ्याचं आणि जामीनदार बायको, असा गुंता झाला की माणसं त्यांच्या ऑफिसचे दोन जिने चढून यायची. ऑफिसात अशिलांना नावाने कुणी ओळखत नसे, धंद्यावरून ओळखत. दातांचे डॉक्टर, बसगाड्यावाले, फरशीवाली. या गोष्टीतल्या बाईंना सगळे ‘खोकेवाली’ म्हणत.

खोकेवालीच्या नवऱ्याचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना होता. औषधांची खोकी, बुटांची, केकची. माप काढणं, पुठ्ठा निवडणं, कामगारांच्या पाळ्या लावणं, माल उशिरा पोचला की गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणं, ही कामं एकोणीस वर्षं तिने केली होती. कागदावर मात्र ती कुठेच नव्हती. पगार नाही, भागीदारी नाही. साऱ्या फायलीत तिची सही एकाच ठिकाणी होती, कर्जाच्या कागदावर, जामीनदार म्हणून.

ते कर्ज सासऱ्यांनी दिलेलं. निदान कागद तसं म्हणत होता. अडीच वर्षांपूर्वी सासऱ्यांनी आयुष्यभराची पुंजी रोखीने मुलाच्या धंद्यात घातली आणि मुलाने त्यांच्याकडे कारखाना तारण ठेवला. आता मुलाला कर्ज फेडणं जमत नव्हतं, म्हणून तो कारखानाच वडिलांच्या नावावर करून देणार होता. वडिलांचं मृत्युपत्रही तयार होतं. सगळं एकुलत्या एका मुलाला.

“डाव्या खिशातून उजव्या खिशात,” वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत तिला समजावलं होतं. “मधल्या वेळात घटस्फोट उरकायचा. वाटणीच्या दिवशी कारखाना तुमच्या नवऱ्याचा नसेलच. आणि कारखान्याची किंमत कर्जाहून कमी भरली, तर उरलेला बोजा जामीनदारावर. म्हणजे तुमच्यावर.”

“म्हणजे एकोणीस वर्षं राबून वर मीच देणं लागते?”

“कागदावर, हो.”

“माझ्या सासूबाई म्हणायच्या, या घरात पाण्यालाही हिशेब असतो. मला वाटायचं गंमत करतात.”

त्या दिवशी वकीलबाईंनी तिलाही नेहमीचं वाक्य ऐकवलं. “नवऱ्यापासून काय लपवलंत ते मला नको. माझ्यापासून काही लपवू नका. समोरच्याला जे ठाऊक आहे आणि मला नाही, त्याच्यावर मी हरते.” तिने मान डोलावली होती.

आठ महिने गेले. कारखाना हस्तांतरणाची तारीख ठरली, गुरुवारी दुपारी तीन. त्याच गुरुवारी सकाळी अकराला, हस्तांतरण थांबवावं या वकीलबाईंच्या अर्जावर सुनावणी होती. हातात एक संशय आणि भरपूर आरडाओरडा, एवढंच होतं. रोखीचे पैसे कुठून आले, कुठे गेले, याचा माग लागत नव्हता.

मंगळवारी माग लागला, तोही भलत्याच कागदात. औषधपाण्याच्या खर्चाची म्हणून खोकेवालीने एक पिशवी आणून टाकली होती. बिलं उलटताना वकीलबाईंच्या हाती सासऱ्यांचा दवाखान्यातून घरी सोडल्याचा कागद आला. पक्षाघात. उजवा हात पूर्णपणे निकामी. तारीख चार वर्षांपूर्वीची. त्यांनी कर्जाचा कागद शेजारी ठेवला. तारीख अडीच वर्षांपूर्वीची, आणि खाली सासऱ्यांची सही, वळणदार, शेवटच्या अक्षराखाली लांब शेपूट काढलेली. ज्या माणसाला चमचा धरता येत नव्हता, त्याची.

वकीलबाई खुर्चीवरून उठल्याच. त्यांनी खोकेवालीला फोन लावला.

“सापडलं! सासऱ्यांचा हात चार वर्षांपूर्वी गेला, बरोबर?”

“हो.”

“मग दीड वर्षाने सही कोणी केली?”

पलीकडून पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

“सहीच्या मुद्द्याशिवाय नाही का होणार?” खोकेवालीने विचारलं.

“त्याच्याशिवाय आपल्याकडे आहे काय?”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. वकीलबाईंना वाटलं, म्हाताऱ्याची दया आली असेल. घर सोडून वेगळी राहायला लागेपर्यंत तिनेच त्यांना भरवलं होतं. त्यांनी अर्जात नवा मुद्दा घातला आणि बुधवारी एक प्रत नवऱ्याच्या वकिलाला पाठवून दिली.

नवऱ्याच्या वकिलाला कोर्टात ‘मऊसूत’ म्हणत. कधी आवाज चढवायचा नाही, समोरच्याला ‘ताई’, ‘दादा’ म्हणायचा आणि केसाने गळा कापायचा. गुरुवारी सव्वादहाला कोर्टाच्या वऱ्हांड्यात तो वकीलबाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला. दहा पावलांवर खिडकीपाशी खोकेवालीचा नवरा कोणाशी तरी फोनवर हसून बोलत होता.

“ताई, अर्ज वाचला. दवाखान्याचा कागद छान शोधलात.”

“तुम्हाला आवडेल असं वाटलं नव्हतं.”

“एक विनंती आहे. त्या सहीच्या वाटेला जाऊ नका.” त्याने घड्याळ पाहिलं. “सही कोणाच्या हातची आहे ते आधी तुमच्या अशिलाला विचारा. मग माझा प्रस्ताव बघा. तिने कारखान्यावरचा हक्क सोडायचा, आम्ही तिला जामिनातून मोकळं करतो. कोणी कोणाविरुद्ध तक्रार करायची नाही. झाकली मूठ राहील. नाहीतर खोट्या दस्ताची तक्रार आजच नोंदवावी लागेल. पावणेअकरापर्यंत सांगा.”

त्याने एक पानी मसुदा वकीलबाईंच्या हातात दिला आणि तो मवाळपणे हसून निघून गेला.

वकीलबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. खोकेवाली बाकाच्या टोकाला पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिच्याकडे बघताच त्यांना उत्तर कळलं. त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि मागच्या जिन्यावर नेलं. तिथे मोडक्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. दुसरं कोणी नव्हतं.

“सही तुम्ही केलीत.”

खोकेवालीने मान खाली घातली.

“तोंडाने बोला. मला पंचवीस मिनिटं आहेत.”

“मी केली.”

“आणि आठ महिने माझ्यासमोर बसून चहा प्यायलात.”

“भीती वाटली.”

“मला आत्ता वाटतेय ती कोणाला सांगू?” वकीलबाईंचा आवाज चढला. खालून कोणीतरी वर पाहिलं, तसा त्यांनी तो आवरला. “सुरुवातीपासून सांगा. काही गाळू नका.”

खोकेवालीने सांगितलं. सासऱ्यांचा हात गेला तेव्हा त्यांच्या निवृत्तिवेतनाचा फॉर्म अडला होता. नवरा म्हणाला, तुझं अक्षर बरं आहे, बाबांसारखी सही कर, त्यांना कशाला त्रास. सासरे पलंगावरून बघत होते. त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. मग विम्याचे कागद आले, मग वीजमंडळाचे. महिन्या-दोन महिन्यांनी नवरा एक गठ्ठा आणून टेबलावर टाकायचा आणि ती स्वयंपाक करता करता हात पुसून सह्या करायची. सही इतकी बसली की पुढे नमुना बघायचीही गरज उरली नाही.

“आणि कर्जाचा कागद? तोही न वाचता?”

इथे ती थांबली. “खोटं बोलू का?”

“बोलून बघा!”

“वाचला होता. पहिलं पान वाचलं. मी विचारलं, बाबांनी कधी दिले एवढे पैसे? तो म्हणाला, कर वाचवायला आहे, कागदापुरतं. मला ते पटलं नव्हतं. तरी केली. एका रेघेवर माझी, एका रेघेवर बाबांची. त्या दिवशी कारखान्यात मोठा माल निघायचा होता आणि मला भांडण नको होतं.”

वकीलबाई भिंतीला टेकल्या. हे प्रकरण सोडून द्यावं, आत जाऊन सांगावं की आपण यातून बाहेर पडतोय, असं त्यांच्या मनात दोनदा येऊन गेलं. कायद्याने तशी मोकळीक होती. खोटं ठाऊक असताना ते लपवून बोलण्याची मात्र नव्हती.

“मग आज का कबूल करताय? मंगळवारी फोनवर गप्प राहिलात. आत्ताही नाकबूल करू शकला असतात.”

खोकेवालीने ओठ दाबले. “काल छोटीचा फोन आला होता.” छोटी म्हणजे तिची एकोणीस वर्षांची मुलगी. कॉलेज जवळ पडतं म्हणून ती बापाच्या घरीच राहायची. “सहज बोलता बोलता म्हणाली, आई, आता आजोबांची सही मी करते. तुझ्यापेक्षा छान जमते, बाबा म्हणाले. हसत होती, वकीलबाई. तिला वाटतंय ती घराला मदत करतेय. मलाही तसंच वाटायचं.”

खालच्या मजल्यावर शिपायाने कुठल्या तरी प्रकरणाचा पुकारा केला. वकीलबाई त्या मसुद्याकडे बघत राहिल्या. आणि बघता बघता त्यांच्या कपाळावरची आठी हलली.

“थांबा,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “तो म्हणतो, सही तुम्ही केलीत. पोलिसांत हे सांगायचं तर आधी सही खोटी म्हणावं लागेल. सही खोटी तर कर्ज खोटं. कर्ज खोटं तर कारखाना वडिलांना द्यायचं कारणच उरत नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवून तो उभा राहू शकत नाही. तक्रारीची धमकी तेवढी देऊ शकतो.”

“म्हणजे आपण जिंकतो?”

“कारखाना वाचतो. तुम्ही वाचता असं मी म्हटलं नाही.” वकीलबाईंनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. “हे आपण आधी बोललो तर कोर्ट चौकशी लावेल. तुमच्यावरही. दंड होईल, कदाचित शिक्षा. नवऱ्याच्या सांगण्यावरून केलं, स्वतःचा काही फायदा नव्हता, आपण होऊन सांगितलं, या सगळ्याचा उपयोग होईल. पण तुरुंग होणारच नाही असं मी लिहून देणार नाही. दुसरा रस्ता हा आहे.” त्यांनी मसुदा पुढे केला. “यावर सही करा आणि रिकाम्या हातांनी घरी जा. कोणी काही बोलणार नाही. तिसरा रस्ता, मी सहीचा मुद्दा मांडायचा आणि ती कोणाची ते माहीत नाही असं दाखवायचं. तो मी चालणार नाही. तसं हवं असेल तर दुसरा वकील बघा.”

खोकेवालीने मसुदा हातात घेतला. दोनदा वाचला. पर्समधून पेन काढलं. वकीलबाईंची बोटं जिन्याच्या कठड्यावर आवळली गेली होती. पंचवीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी माणसांना याहून वाईट कागदांवर सही करून घरी जाताना पाहिलं होतं, आणि त्यांना दोष देणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

“यात छोटीबद्दल काही नाही,” खोकेवाली म्हणाली.

“नाही.”

“मी गप्प बसले तर ती सह्या करत राहील.”

“हो.”

“आणि उद्या कोणीतरी तिला असंच जिन्यात उभं करेल.” तिने पेन परत आत टाकलं. “चला.”

वऱ्हांड्यात मऊसूत वाट बघत होता. वकीलबाईंनी त्याचा मसुदा त्याला परत दिला. त्याने कोरी जागा पाहिली आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं हललं.

“ताई, विचार केलात ना?”

“केला.”

न्यायाधीश सर्दीने बेजार होते. रुमाल नाकाला लावूनच त्यांनी प्रकरण पुकारायला सांगितलं. वकीलबाई उभ्या राहिल्या. त्यांनी आधी दवाखान्याचा कागद दाखवला, मग कर्जाचा, मग तारखा. न्यायाधीशांनी रुमाल खाली ठेवला.

“मग ही सही कोणाची?”

“त्याबद्दल माझ्या अशील स्वतः बोलू इच्छितात. परिणाम काय होऊ शकतात याची मी त्यांना पूर्ण कल्पना दिली आहे.”

मऊसूत ताडकन उठला. “याची आज काही आवश्यकता नाही. आमची विनंती आहे की पुढची तारीख...”

“हस्तांतरण आज तीनला आहे,” न्यायाधीश म्हणाले. “तारीख तुम्हीच घेतलीत. बसा.” मग ते खोकेवालीकडे वळले. “बाई, तुमच्यावर शेकेल असं काही सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. कळतंय?”

“कळतंय.” ती कठड्याला धरून उभी होती. “सही मी केली. सासऱ्यांचं नाव मी लिहिलं. यांनी सांगितलं म्हणून लिहिलं, पण हात माझा होता. पैसे कोणी कोणाला दिले नाहीत. मी त्या घरात होते, मला माहीत आहे.”

“साफ खोटं!” मागून नवरा ओरडला. “बाबांनी दिलेत पैसे! सही त्यांचीच आहे!”

मऊसूतने मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो अर्ध्यातच गप्प झाला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

“वडिलांची सही?” न्यायाधीशांनी दवाखान्याचा कागद उचलला. “उजवा हात पूर्णपणे निकामी असताना? वकीलसाहेब, तुमच्या अशिलांचं नेमकं म्हणणं काय? सही वडिलांची आहे, की या बाईंनी केली?”

मऊसूतने फाईल उघडली, मिटली. “सूचना घ्यायला वेळ हवा.”

“घ्या वेळ. तोवर कारखाना आहे तिथे राहील.”

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी हस्तांतरणाला मनाई झाली. त्याच आदेशाच्या खालच्या भागात खोट्या दस्ताच्या चौकशीचे निर्देश होते, नवरा आणि बायको दोघांच्याही विरुद्ध. वकीलबाईंनी तो भाग खोकेवालीला वाचून दाखवला. तिने ऐकलं, मग खाली बसून पाण्याची अख्खी बाटली संपवली.

सासऱ्यांचा जबाब घ्यायला कोर्टाचा अधिकारी पुढच्या आठवड्यात घरी गेला. दोन्ही वकील हजर होते. म्हातारा खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. छोटी दाराशी उभी होती. आईला आत येऊ द्यायला बापाने नकार दिला होता.

“काका, तुम्ही मुलाला पैसे दिले होते?” अधिकाऱ्याने मोठ्याने विचारलं.

म्हातारा मुलाकडे बघत राहिला. मुलगा जमिनीकडे बघत होता. अधिकाऱ्याने प्रश्न पुन्हा विचारला.

“नव्हतेच,” म्हातारा वाकड्या जिभेने म्हणाला. “पैसे... नव्हतेच.”

“सही कोणी केली?”

यावर त्याने डोळे मिटले. कितीही विचारलं तरी उघडले नाहीत. मुलाचं नाव घेतलं नाही, सुनेचंही नाही. जबाबात अधिकाऱ्याने तेवढंच लिहिलं. साक्षीदाराने उत्तर दिलं नाही.

निघताना छोटीने वकीलबाईंना जिन्यात गाठलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मी पण केल्यात सह्या. पाच-सहा. मला आत टाकतील?”

“कशावर केल्यास?”

“निवृत्तिवेतनाच्या. आणि एक कसला तरी जाड कागद होता.”

“मी तुझ्या आईची वकील आहे, तुझी नाही. तुला दुसऱ्या वकिलाचा नंबर देते, आजच फोन कर. यापुढे एकही सही करू नकोस, आणि बाबा रागावले तर रागावू देत.”

पुढे भिजत घोंगडं पडावं तसं प्रकरण चौदा महिने चाललं. छोटीने सही केलेला तो जाड कागद आजोबांच्या मृत्युपत्रातल्या दुरुस्तीचा निघाला, म्हणजे दुसरा खोटा दस्त, आणि तो बाहेर आल्यावर नवऱ्याची मिजास उतरली. मऊसूतने त्याला तडजोडीला बसवलं. कारखान्याची किंमत बाहेरच्या माणसाकडून ठरवून घेतली. नवऱ्याकडे जागा आणि इमारत राहिली. खोकेवालीच्या वाट्याला यंत्रं, अर्धी गिऱ्हाइकं आणि काही हप्त्यांत मिळणारी रक्कम आली. हवं होतं त्याहून कमी, भीती होती त्याहून बरंच जास्त. चौकशीत नवऱ्यावर खटला उभा राहिला, छोटीला साक्षीदार म्हणून सोडून दिलं. तिला दंड झाला आणि एक वर्ष चांगल्या वर्तनाची हमी द्यावी लागली. त्या वर्षात तिला एका सरकारी कामाच्या निविदेवर पाणी सोडावं लागलं. त्याचं तिला फार लागलं.

वकीलबाई तिच्याशी पूर्वीसारख्या कधी बोलल्या नाहीत. फौजदारी बाजू त्यांनी दुसऱ्या वकिलाकडे सोपवली आणि आपलं काम चोख केलं. निकालाच्या दिवशी खोकेवालीने त्यांचे हात धरले. “तुम्ही मला सोडलं नाहीत,” ती म्हणाली.

“सोडणार होते,” वकीलबाई म्हणाल्या. “त्या जिन्यावर दोनदा.”

“मला कळलं होतं.”

महिन्याभराने तिचा फोन आला. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवी होती, नव्या शेडच्या वीजजोडणीसाठी. मागून प्रचंड गोंगाट ऐकू येत होता. काहीतरी जड ओढल्याचा, आणि एका मुलीचा.

“आई, कपाट तिथे ठेवलंस तर दार उघडणार कसं? डोकं चालव ना जरा!”

“छोटी सामान घेऊन आलीय,” खोकेवाली फोनवर म्हणाली. “दोन खोल्या, त्यात तिची तीन कपाटं. सकाळपासून भांडतोय. रविवारी आजोबांकडे जाईन म्हणते. मी अडवलं नाही.” मग तिने तोंड फिरवून ओरडून सांगितलं, “पंधरा इंच जागा हवी दाराला, मोजून बघ आधी! मापं काढण्यात हयात गेली माझी, मला शिकवतेस?”

वकीलबाईंनी प्रतीचा अर्ज पुढे ओढला आणि त्यावर तारीख घातली. “सोमवारी घेऊन जा,” त्या म्हणाल्या.